आमरीचें बिऱ्हाड बदलावें काय?

गेल्या चैत्रापासून आमच्या घरांत एक वाद चालू होता. घर जुनें, माणसें अकरा. तेव्हां वाद ही आमच्याकडे नवलाची वस्तु नव्हे. परंतु हा वाद जमिनीचा नव्हता कीं मुलांच्या शिक्षणाचा नव्हता. ओटीवरच्या सात कुंड्यांचा होता, आणि तो वर्षभर पुरला, हें सांगितल्यास वाचक हंसतील. त्यांनीं अवश्य हंसावें. आम्हीहि प्रथम हंसलोंच होतों.

कर्जतला आमच्या ओटीवर आमरीचीं, म्हणजे ज्यांस आतां सर्वजण ऑर्किड म्हणतात त्यांचीं, सात झाडें होतीं. चार फॅलेनॉप्सिस, दोन डेंड्रोबियम आणि एक आपली कोंकणांतील सीतेची वेणी. पहिल्या सहांच्या कुंड्यांत मातीऐवजीं नारळाच्या सोडणाचे तुकडे व लांकडी कोळसा यांची भर होती. सूनबाईचें म्हणणें असें कीं, ही भर आतां जुनी झाली. मुंबई-पुण्याचे हौशी लोक भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत हीं झाडें वाढवितात, आपणहि तसेंच करावें. आमच्या वहिनी म्हणाल्या, "जें जगतें आहे त्याला हात कशाला लावायचा?" आम्ही मध्यस्थ. मध्यस्थाला दोन्ही बाजू पटतात, हा आमचा शाळेपासूनचा दोष आहे.

सहा कुंड्यांचें कांहीं झालें असतें तरी घर चाललें असतें. प्रश्न होता सातव्या झाडाचा. ता. 3 जून 2020 रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावरून गेलें. त्या दिवशीं आमच्या परसांतला जुना आंबा पडला. त्याच्या एका फांदीवर आमच्या लहानपणापासून सीतेची वेणी फुलत असे. दादांनीं, म्हणजे आमच्या वडील बंधूंनीं, ती फांदी दोन्ही बाजूंनीं करवतून दोन हात लांबीचा ओंडका काढला आणि झाडासकट ओटीच्या खांबाशीं उभा केला. पुढच्या वर्षीं दादा गेले. तो ओंडका आतां भुसभुशीत झाला होता. बोट लावलें कीं भुगा पडे. वहिनी रोज त्याच्यावर पाणी शिंपडीत, आणि त्याच्याविषयीं कोणी कांहीं बोललें कीं आंत निघून जात.

बांडगूळ नव्हे

आमच्या भागांत पुष्कळ लोक आमरीला सरसकट बांडगूळ म्हणतात व झाडाचें रक्त शोषते म्हणून ओरबाडून टाकतात. या गैरसमजाचें मूळ जुनें आहे. अमरकोशांत झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला वन्दा म्हटलें असून वृक्षादनी आणि वृक्षरुहा हे शब्द तिचेच पर्याय म्हणून दिले आहेत. परंतु वृक्षादनी म्हणजे वृक्षाला खाणारी आणि वृक्षरुहा म्हणजे वृक्षावर उगवणारी. या दोन शब्दांत केवढें अंतर आहे! बांडगूळ पहिल्या प्रकारचें. त्याचीं मुळें फांदीच्या आंत शिरतात. आमरी दुसऱ्या प्रकारची. ती सालीला नुसती धरून राहते. झाडाचा थेंबभरहि रस घेत नाहीं. गंमत अशी कीं, याच वन्दा शब्दावरून सर विल्यम जोन्स या संस्कृतज्ञ इंग्रजानें अठराव्या शतकाच्या अखेरीस एका आमरीला 'व्हँडा' हें नांव दिलें, आणि तें आज जगभर चालतें.

मग ही आमरी पितें काय आणि खाते काय? तिच्या मुळावर मृत पेशींचें एक जाड, पांढरें, स्पंजासारखें आवरण असतें. पावसाची सर आली कीं तें क्षणांत पाणी टिपून घेतें, मूळ हिरवें दिसूं लागतें. पाणी सरलें कीं पुन्हां रुपेरी होतें. सालीच्या भेगांत सांचलेला पाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, पावसाबरोबर उतरलेली धूळ, एवढ्यावर तिचा चरितार्थ चालतो. म्हणजे या मुळाला पाणी हवें तितकीच हवाहि हवी. भिजावें, आणि मग वाळावें, असा त्याचा क्रम आहे. जगांत आमरीच्या सुमारें 28 हजार जाती आहेत, भारतांत साडेबाराशेंच्या घरांत आहेत. त्यांतील कांहीं जमिनींत वाढतात हें खरें. पण ओटीवर टांगण्याजोग्या बहुतेक सर्व झाडावरच्याच.

भरीचें काम

युरोपांतील लोकांनीं प्रथम हीं झाडें नेलीं तेव्हां तीं मातींत लावून, कोंदट उष्ण घरांत बंद करून ठेवलीं आणि हजारोंनीं मारलीं. पुढें शहाणपण आलें तसे ते ऑस्मुंडा नांवाच्या नेच्याच्या मुळ्यांचा पुंजका वापरूं लागले. विसाव्या शतकाच्या मध्यास तो महाग व दुर्मिळ झाला, तेव्हां फरसारख्या झाडांच्या सालीचे तुकडे आले. आपल्याकडे कोळसा, विटांचे तुकडे आणि सोडण हीं हाताशीं होतीं, तींच लोकांनीं वापरलीं. म्हणजे भर ही कोणत्याहि काळीं शास्त्रानें ठरविलेली एकच एक वस्तु नव्हती. जेथें जें मिळालें आणि जेथल्या हवेला जें मानवलें, तें तेथें रूढ झालें.

भरीनें चार कामें करावयाचीं असतात: झाड धरून ठेवणें, थोडें पाणी राखणें, पुष्कळ हवा खेळूं देणें आणि लवकर कुजूं नये. या चार कसोट्या लावून पाहिलें म्हणजे प्रत्येकीचे गुणदोष दिसतात. कोळसा व वीट कुजत नाहींत, पण फार पाणी धरीत नाहींत. सोडण पाणी चांगलें धरतें. परंतु नारळ समुद्रकांठचा, त्याच्या सोडणांत क्षार असतात, म्हणून तें चार-सहा दिवस पाणी बदलून भिजवावें लागतें. शिवाय आमच्याकडच्या पावसांत दोन-तीन वर्षांत त्याचा लगदा होतो आणि मुळांची हवा कोंडते. बाजारांतून येणारें फॅलेनॉप्सिस बहुधा स्फॅग्नम नांवाच्या वाळलेल्या शेवाळांत गुंडाळलेलें असतें. तें आपल्या वजनाच्या वीसपटीच्या आसपास पाणी धरतें. दूरच्या प्रवासाला उत्तम, पण आमच्या आषाढांत तें वाळतच नाहीं.

आतां सूनबाईच्या गोळ्या. सुमारें 1,200 अंश उष्णतेंत माती भाजली कीं ती फुगून आंतून सच्छिद्र होते. या गोळ्या कुजत नाहींत, धुऊन पुन्हां वापरतां येतात, आणि दोन गोळ्यांमध्यें हवेला जागा राहते. कुंडीच्या तळाशीं दोन बोटें पाणी ठेवलें कीं तें गोळ्यांतून हळूहळू वर चढतें. कागदावर पाहिलें तर यांत उणें काढावयास जागा नव्हती. आम्हीहि वहिनींचा डोळा चुकवून सूनबाईला मान हलविली.

आमची चूक

गेल्या श्रावणांत आम्ही दोघांनीं मिळून एक फॅलेनॉप्सिस सोडणांतून काढलें, मुळें धुतलीं, गोळ्यांत बसविलें आणि तळाशीं पाणी भरून ठेवलें. पंधरा दिवस झाड डौलांत होतें. मग खालचें पान पिवळें पडलें, नंतर दुसरें. तळाच्या पाण्यांत एके दिवशीं वळवळ दिसली. पाहतों तों डासांच्या अळ्या! डेंग्यूच्या दिवसांत, नातवंडें खेळतात त्याच ओटीवर, आम्हीं आपल्या हातानें डासांचा पाळणा बांधला होता. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. दसऱ्यापर्यंत झाडहि गेलें.

वहिनी एक शब्द बोलल्या नाहींत. त्यांचें न बोलणें आम्हांस फार लागलें.

पुढें विचार केला तेव्हां आमची चूक लक्षांत आली. ही तळाशीं पाणी ठेवण्याची रीत ज्या देशांत फोफावली तेथें थंडींत घरें तापवून ठेवतात. हवा कोरडी होते आणि कुंडी भराभर वाळते. तेथें तें पाणी वरदान. आमच्या कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डोक्यावरच्या माथेरानला तर पांच हजारांच्या आसपास. श्रावणांत धोतर तीन दिवस वाळत नाहीं, तेथें मूळ काय वाळणार? उपाय खरा होता. पण तो दुसऱ्या ठिकाणच्या दुखण्याचा होता.

दुसरी चूक त्याहून मोठी. मूळ ज्या भरींत फुटतें, त्या भरीच्या ओल्या-सुक्याप्रमाणें त्याची घडण होते. मोकळ्या सोडणांत वाढलेलें मूळ एकाएकीं सदा ओल्या जागेंत घातलें तर बहुधा गुदमरतें. नव्या भरींत फुटलेल्या नव्या मुळाला मात्र ती जागा मुळांतच आपली असते. म्हणून भर बदलावयाची ती कॅलेंडर पाहून नव्हे, आणि दुकानांत गोळ्या स्वस्त झाल्या म्हणूनहि नव्हे. खोडाशीं नव्या मुळाचें हिरवें टोंक दिसूं लागलें म्हणजे. आमच्या त्या झाडाला श्रावणांत एकहि नवें टोंक नव्हतें. आम्हीं पाहिलेंच नव्हतें.

दोन घरें, एकच भर

तरीहि वादाचा निकाल लागला नाहीं, कारण उरलेल्या कुंड्याहि धड नव्हत्या. तो लागला खालापूर तालुक्यांत, आमच्या आक्काच्या घरीं.

आमचीं चार फॅलेनॉप्सिस ज्या दुकानांतून आणलीं, त्याच दुकानांतून त्याच दिवशीं आणलेलीं दोन आक्काकडे दिलीं होतीं. सहांहि झाडांना भर एकच, आमच्याच हातची. दिवाळींत भाऊबीजेला गेलों तेव्हां तीं पाहिलीं. पानांचीं टोंकें करपलेलीं, मुळांचीं टोंकें तपकिरी, कुंडीच्या कडेला व सोडणावर पांढरी खपली. आमच्याकडे दुखणें निराळें होतें. मुळें काळीं व मऊ, पानें मलूल. भर एक असतांना दोन घरीं दोन रोग कसे?

सूनबाईनें सरळ प्रश्न केला, "आत्या, पाणी कोणतें घालतां?" आक्काकडे बोअरिंगचें पाणी. काळ्या पाषाणांत खोल जाऊन आलेलें तें पाणी जड होतें. तिच्या घरीं डाळ शिजायला वेळ लागतो आणि बंबाच्या आंत पुटें बसतात, हें आम्हांस वर्षानुवर्षें माहीत होतें. तेंच पुट मुळांवर बसत होतें. पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. अशा पाण्यावर गोळ्या घातल्या असत्या तर अधिकच वाईट. कारण त्या पाणी वर ओढतात आणि क्षार माथ्यावर जमा करतात. आक्काला आम्हीं भर बदलूं दिली नाहीं. पागोळीचें पाणी झांकणाच्या पिंपांत धरून तें वापरावें, आणि तें संपेल तेव्हां महिन्यांतून दोनदां तरी कुंडी भरपूर पाण्यानें धुऊन काढावी, एवढेंच सांगितलें. पिंपाला झांकण कां, तें आमच्या वरच्या अनुभवावरून वाचकांनीं ओळखलें असेलच.

मग परत येतांना, गाडींत, सूनबाई हळूच म्हणाली, "बाबा, आणि आपल्याकडे पाणी कोण घालतं?"

आपल्याकडे पाणी आम्ही घालतों. रोज सकाळीं संध्या आटोपली कीं ताम्हनांतील पाणी झाडांना घालावें, ही आमची चाळीस वर्षांची संवय. तुळशीला तें ठीक. पण तेंच पाणी, मग त्यावर आणखी एक तांब्या, रोजच्या रोज, पावसाळा असो कीं हिंवाळा असो, आम्ही या झाडांनाहि घालीत होतों. आपल्या हातून पुण्य घडतें आहे अशी समजूत! भरीवर खटला चालला होता, आणि आरोपी न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसला होता.

त्या दिवसापासून नियम केला. मुळें रुपेरी दिसलीं, कुंडी हातांत हलकी लागली, तरच पाणी. चैत्र-वैशाखांत, जेव्हां आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हां बहुधा रोज. पावसाळ्यांत आठ-आठ दिवस नाहीं. थंडींत तीन-चार दिवसांनीं. पाणी सकाळींच, म्हणजे रात्रीपर्यंत पानांचा गाभा कोरडा होतो. महिना-दीड महिन्यांत पानें ताठ झालीं. भरीला अजून कोणीं हात लावला नव्हता!

काय केलें, काय केलें नाहीं

मग प्रत्येक कुंडीला चार प्रश्न विचारले. भर खरोखर कुजली आहे काय? नवें मूळ फुटूं लागलें आहे काय? झाड फुलावर तर नाहीं ना? आणि घरांत पाणी कोणत्या जातीचें, व तें घालणारा हात कोणता? पहिल्या दोहोंचें उत्तर 'होय' आणि तिसऱ्याचें 'नाहीं' असेल तरच कुंडी उपडी करावयाची. चौथ्यावरून नवी भर कोणती तें ठरवावयाचें.

तीन फॅलेनॉप्सिस उरलीं होतीं. पैकीं दोहोंचीं फुलें गळून हिरवीं टोंकें आलीं तेव्हां तीं गोळ्यांत घातलीं. पण तळाला भोंकें ठेवून, पाणी सांचूं न देतां. काळीं मऊ मुळें उकळत्या पाण्यांतून काढलेल्या कातरीनें कापलीं, कापल्या जागीं दालचिनीची पूड लावली, आणि दोन दिवस पाणी दिलें नाहीं. दोन्ही झाडें उत्तम आहेत. सूनबाईचें म्हणणें चुकीचें नव्हतें. आमची घाई चुकीची होती. तिसरें फुलाच्या दांड्यावर होतें; त्याला तसेंच राहूं दिलें. दोन्ही डेंड्रोबियमांचें सोडण लगदा झालें होतें. त्यांना कोळसा व विटांचे तुकडे दिले, कारण त्यांची जागा पागोळीखालीं आणि तेथें पाणी राखण्याची गरजच नाहीं. म्हणजे सहा झाडांत एक आमच्या हातून गेलें, दोन नव्या मतांत गेलीं, दोन जुन्याच मतांत सुधारून राहिलीं, आणि एकाला त्याच्या वेळेपर्यंत कोणीं त्रास दिला नाहीं.

ओंडक्याचा निकाल

राहिला दादांचा ओंडका. येथें 'जें जगतें आहे त्याला हात लावूं नये' हा वहिनींचा नियम चालणारा नव्हता; दुसरा पावसाळा ओंडक्यानें काढला नसता. आणि सूनबाईचा उपायहि चालणारा नव्हता. जुनीं मुळें लांकडांत भिनलेलीं; ओढून काढलीं तर निम्मीं तुटणार. एका हितचिंतकानें सुचविलें कीं, माथेरानच्या उतारावरून दुसरी वेणी काढून आणावी. तें ऐकून वहिनी प्रथमच मोठ्यानें बोलल्या, "दुसरी आणायची असती तर त्यांनीं ती करवत कशाला धरली असती?" त्यांचें खरें होतेंच, शिवाय तो सर्व परिसर 2003 सालापासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे. रानांतली आमरी रानांतच राहूं द्यावी. ती फुलली कीं पाहावयास जावें.

शेवटीं तोड निघाली ती झाडाच्या रीतीवरूनच. कुंडी नको, गोळ्या नकोत. परसांत फणस आहे, त्याची साल खरखरीत आहे, पूर्वेचें ऊन पानांआडून येतें. मुळांना हात न लावतां सबंध ओंडकाच फणसाच्या बुंध्याला टेकवून बांधावा; ओंडका आपल्या गतीनें झिजेल, आणि तोंवर नवीं मुळें फणसाची साल धरतील. तांब्याची तार झाडाला बाधते, म्हणून ती नको ठरली. वहिनींनीं आपल्या एका जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून आणून दिल्या. ज्येष्ठांत पहिल्या पावसानंतर आम्हीं व मुलानें मिळून तो ओंडका बांधला. सूनबाईनें शिडी धरली होती.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. आम्ही रोज जाऊन पाहत असूं. शाळेंत निकालाच्या दिवशीं मुलें फळ्याशीं गर्दी करीत, तशी आमची गत झाली होती. अश्विनांत सूनबाईनें हांक मारली. ओंडक्याच्या कडेवरून तीन मुळें उतरलीं होतीं. दोन अधांतरीं होतीं, आणि तिसऱ्याचें हिरवें टोंक फणसाच्या सालीवर चपटें होऊन चिकटलें होतें. वहिनींना बोलावलें. त्यांनीं चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलें. मग म्हणाल्या, "भावोजी, आतां या चिंध्या सोडायच्या का?"

आम्हीं सांगितलें, "अजून नाहीं. आणखी एक पावसाळा जाऊं द्या."

यंदा वेणी फुललेली नाहीं. ती फुलते वैशाख-ज्येष्ठांत. पुढच्या वर्षीं फुलेल किंवा न फुलेल. बिऱ्हाड हललें कीं घरच्या माणसालाहि वर्ष लागतें, हें आमच्या वाचकभगिनींस आम्हीं सांगावयास नको. पण आतां आमच्या घरांत नवी भर कीं जुनी भर हा वाद राहिलेला नाहीं. कोणी कुंडी बदलूं म्हटलें कीं वहिनीच प्रथम विचारतात, "मूळ पाहिलंस का?" आणि ताम्हनांतलें पाणी आतां तुळशीला जातें.